बर्फ कोसळला नाही

आबा,

मी एक सिनेमा पाहिला. हिंगोलीला, एकटीनं, दुपारच्या खेळाला. फौजी कोर्टाचा होता. तुम्ही गेल्यापासून मी थेटराची पायरी चढले नव्हते. फौजेचा सिनेमा तुमच्याशिवाय बघण्यात मजा नव्हती, आणि दुसरे सिनेमे तुम्ही आम्हाला कधी दाखवलेच नाहीत. वसमतला आईला आणि मला घेऊन गेला होतात, ते अजून आठवतं. पडद्यावरचा नायक उघड्या डोक्यानं सलाम ठोकतो आणि तुम्ही अंधारात मोठ्यानं बोलता, "डोक्यावर टोपी न्हाई, आन् सलाम कसा करून राहिला हा?" मागून कुणीतरी म्हणतं, "काका, बघू द्या की आमाला." आई पदरात तोंड घालून हसते आहे. मग मध्यंतर होईपर्यंत तुम्ही त्याचे बूट, छातीवरचे बिल्ले, बंदूक धरायची पद्धत, सगळं मोडीत काढता, आणि परत येताना एसटीत मात्र म्हणता की चांगला होता पण, त्याची माय मेली तिथं मला रडू आलं. सुभेदाराला रडू आलं म्हणून मी तुमच्याकडं बघतच राहिले होते. ह्या सिनेमात काय बराबर होतं आणि काय चुकलं, ते तुम्हीच मला सांगायला पाहिजे होतं. पण आता मीच तुम्हाला सांगू शकते, कारण त्यानंतर मी खरं कोर्ट पाहिलं. आपल्या पोराचं, तुमच्या नातवाचं कोर्ट मार्शल झालं, आबा.

तुम्ही गेलात तेव्हा पोरगं दुसरीत होतं. तुमचा वर्दीतला फोटो बघत मोठं झालं. शेळ्यांमागं माळावर पळून पळून त्याचा दम तयार झाला होता, भरतीत पहिल्याच खेपेला घेतलं. पुढं नाईक झाला आणि बर्फाच्या ठाण्यावर गेला. तिथं एका सकाळी त्याच्या कॅप्टन साहेबांनी हुकूम दिला, तुझी माणसं घे आणि नाला ओलांडून पलीकडच्या चौकीला बॅटऱ्या पोचव. त्या चौकीचा वायरलेस बंद पडला होता, तिथल्या माणसांशी बोलणं तुटलं होतं. आपल्या पोरानं वरच्या उताराकडं पाहिलं. आदल्या हिवाळ्यात अशाच उताराखाली त्याचा जोडीदार गेला होता, पुढं चालता चालता दिसेनासा झाला होता, आणि ह्यानं त्याला हातानं उकरून काढलं होतं. ते त्यानं मला फोनवर एकदाच सांगितलं, मग कधी नाही. तर पोरगं म्हणालं, साहेब, बर्फ सुटलेला आहे, कधीही खाली येईल, आज माझी माणसं मी नेत नाही. साहेबांनी पुन्हा हुकूम दिला. हा पुन्हा नाही म्हणाला. मग साहेबांनी दुसऱ्या नाईकाला पाठवलं. तो आपली माणसं घेऊन नाला ओलांडून गेला, बॅटऱ्या दिल्या, चौकीवर चहा पिला आणि दिवस मावळायच्या आत परत आला. काहीही झालं नाही. बर्फ कोसळला नाही. आपल्या पोराची सगळी केस एवढीच आहे.

कोर्टाची तारीख लागली तेव्हा माझ्या अंगणवाडीतली मदतनीस म्हणाली, "ताई, हिंगोलीला शिनेमा लागलाय, बराबर तुमच्या पोरावानी हाय. बघून या, धीर येईल." तुमचे जावई गोठ्यात होते. म्हणाले, "काहून जातीस? डोक्याला तकलीफ करून घेशील." मला तर बुडणाऱ्या माणसाला काडी दिसावी तसं झालं होतं. मी गेले.

आता ऐका. सुरुवात फार चांगली होती आबा, तुम्हीसुद्धा गप्प बसला असता. आरोपी पोराला आत आणतात तेव्हा त्याच्या डोक्यावर टोपी नसते आणि कमरेला पट्टा नसतो. तो ताठ उभा राहतो आणि त्याचा हात आपोआप टोपी सारखी करायला वर जातो, कपाळापर्यंत जाऊन थांबतो आणि खाली येतो. हे ज्यानं केलं त्याला फौज माहीत असणार. दुसरं म्हणजे त्या कोर्टात कुणी ओरडत नाही. वकील टेबलावर मूठ आपटत नाहीत, पंखा फिरल्याचा आवाज येतो, लिहिणाऱ्याचं लिहून व्हावं म्हणून साक्षीदाराला मधेच थांबवतात. आणि तिसरं, तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलं असतं ते. निकालाच्या वेळी दार बंद होतं आणि पहिल्यांदा बोलावं लागतं सगळ्यात लहान अधिकाऱ्याला, म्हणजे मोठ्यांचं ऐकून त्यानं आपलं मत बदलू नये. तो कोवळा लेफ्टनंट, ओठावर घाम, आधी मोठ्यांच्या तोंडाकडं बघतो, मग बोलतो. ही रीत तुम्ही मला सांगितली होती. चुलीपुढं बसून सांगितली होती.

आई भाकरी थापत होती आणि तुम्ही आपल्या पितळीतली भाकरी न कालवता तशीच ठेवून बोलत होता. रजा संपूनही न परतलेल्या एका जवानाचं कोर्ट होतं, छोटं, कर्नल साहेब एकटेच निकाल देणारे. नियमाला म्हणून बाजूला तुम्हाला बसवलं होतं, मत नव्हतं तुम्हाला. तो जवान आपल्याच परभणीकडचा. "तो सारखा माझ्याकडंच पाहून राहिला होता," तुम्ही म्हणालात. "मी भिंतीकडं पाहिलं." आईनं विचारलं, "आन् मग?" तुम्ही म्हणालात, "मग काय. घरी धाडला त्याला." आणि मोठ्या कोर्टात लहान अधिकारी आधी कसा बोलतो ते मला समजावून सांगत बसलात, बराच वेळ, जणू तोच खरा विषय होता. मी तेव्हा शाळकरी होते. मला वाटलं, किती न्यायाची जागा असेल ती.

मध्यंतरानंतर सिनेमा बिघडला. तेव्हा मला कळलं नाही, तेव्हा मला तोच भाग सगळ्यात आवडला होता, हे आधी सांगते. सिनेमातला हुकूम मूर्खपणाचा निघतो. कर्नलला पाहुण्यांसाठी शिखरावर मोठा झेंडा लावलेला फोटो पाहिजे असतो. आपला नायक नाही म्हणतो, दुसरी तुकडी जाते, आणि बर्फ कोसळतो. पुढच्या रांगेतल्या बाईनं डोळे झाकले. मग ती तरुण वकील बाई कर्नलला असे प्रश्न विचारते, असं टोचते, की त्याचा तोल जातो आणि तो भर कोर्टात ओरडून सगळं कबूल करून टाकतो. नायकाच्या डोक्यावर टोपी चढते. बाहेर व्हरांड्यात पांढऱ्या लुगड्यातली त्याची माय हात जोडून उभी असते. पूर्ण सिनेमात तिला दोनच वाक्यं आहेत, आणि दोन्ही देवाला उद्देशून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी पण वाजवल्या. हात दुखेपर्यंत वाजवल्या, आणि स्टँडवर येऊन तिथूनच आपल्या वकील साहेबांना फोन लावला.

वकील साहेब फौजेतूनच निवृत्त झालेले, शांत माणूस. मी म्हणाले, साहेब, त्या कॅप्टनला राग येईल असं विचारा, म्हणजे तो खरं बोलेल. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ताई, तो कॅप्टन आत्ताही खरंच बोलतोय. अडचण तीच आहे." मला वाटलं, ह्यांना जमत नाही म्हणून असं सांगून राहिले. गाडी लागेपर्यंत मी मनात त्या वकील बाईचे प्रश्न घोळवत होते. पुढं अंगणवाडीत लेकरांची उंची मापताना, शेळ्यांना पाला टाकताना, तेच प्रश्न. आपला कॅप्टन कसा घाबरेल, कसा चिडेल, मला दिसायचं.

तारखेच्या दिवशी खरा कॅप्टन कोर्टात आला तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. आपल्या पोरापेक्षा एक-दोन वर्षांनीच मोठा असेल. थंडीनं त्याच्या बोटांची टोकं काळी पडली होती, कागद धरताना दिसत होती. त्यानं सांगितलं की हा त्याचा चांगला नाईक आहे, ह्याच्याबरोबर तो पुन्हा कुठंही जाईल. पण पलीकडं माणसं अडकली होती, कुणाला तरी पाठवणं भाग होतं, आणि ह्यानं दोनदा नकार दिला. वकील साहेबांनी विचारलं, बर्फ सुटलेला होता का? तो म्हणाला, असू शकतो, तिथं रोजच असतो. चिडला नाही. एकदाही आवाज चढला नाही त्याचा. मी बाकावर बसून वाट बघत होते की हा आता ओरडेल, आता ओरडेल. तो पाणी पिला, सलाम करून निघून गेला.

सिनेमाची हीच मोठी चूक आहे आबा. त्यात एक जण खोटा असतो. त्याला पकडलं की झालं. आपल्या कोर्टात कुणीच खोटं बोललं नाही. अध्यक्ष साहेबांना दिसलं की मी मागं अवघडून बसले आहे, तर त्यांनी माझ्यासाठी पाठीची खुर्ची मागवली. ज्यांच्या हातात पोराचा निकाल, त्यांनीच मला खुर्ची दिली. मी तिच्यावर बसले, आणि मला कुणाचा राग करावा तेच कळेना. सिनेमातल्या मायेला देव तरी आठवत होता. मला सारखं वाटत होतं की पाय सुजलेत, चप्पल काढली तर चालेल का, आणि तुमच्या जावयांनी पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणली आहे तिचा वास इथपर्यंत येतो का.

पोराला आणलं तेव्हा त्याला टोपी नव्हती, पट्टा नव्हता. आणि त्याचा हात कपाळापर्यंत गेला. अगदी तसाच. सिनेमात पाहिलं तेव्हा माझा जीव हलला होता, इथं मात्र मी खाली बघितलं. वकील साहेबांनी त्याला पढवलं होतं की 'धोका जास्त वाटला, माणसांचा विचार केला' असं सांग. त्यानं ते सांगितलं, बराबर सांगितलं. मग दुसऱ्या बाजूच्या साहेबांनी अगदी साध्या आवाजात हिंदीत विचारलं, तुम्हें डर लगा था? सिनेमातला नायक अशा वेळी छाती काढून म्हणतो की मला माझ्यासाठी नाही, माझ्या जवानांसाठी भीती वाटली. आपलं पोरगं म्हणालं, "हां साब, लगा था." लिहिणाऱ्यानं ते लिहून घेतलं. वकील साहेबांनी डोळे मिटले. तुमच्या जावयांनी माझा हात धरला, लग्नानंतर पहिल्यांदाच चार माणसांत.

दोषी ठरवला. नोकरीतून काढलं आणि काही महिने कैद. वरून मंजुरी यायची होती, तीही आली.

निकालानंतर थोडा वेळ भेटू दिलं. दाराशी एक जवान उभा होता, त्यानं पाठ फिरवली, बहुतेक मुद्दामच. पोरानं आधी विचारलं, "व्याल्या का आपल्या शेळ्या?" मी म्हणाले, काळीला दोन बोकडं झाली. मग तो म्हणाला, "आई, मला भ्याव वाटलं म्हणलं तवा तुला लाज वाटली का गं?"

मी म्हणाले, "न्हाई."

"वकील साहेबांनी सांगितलं होतं, तसं म्हणू नको म्हणून. पर त्यांनी इचारलंच तर काय सांगू? वाटलं होतं." आणि मग, "आबा असते तर काय म्हणले असते?"

मी त्याची कॉलर सारखी केली. मला उत्तर माहीत होतं.

तुम्हाला तो कालव्याचा दिवस आठवत असेल. सिद्धेश्वर धरणाचं पाणी सोडलं होतं, कालवा काठोकाठ, आणि एक कोकरू पलीकडं अडकलं होतं. तुम्ही पोराला म्हणालात, "जा, आण." ते पहिलीत होतं. काठावर उभं राहिलं, पाण्याकडं पाहिलं आणि म्हणालं, "मी न्हाई जात." तुम्ही पुन्हा म्हणालात. ते पुन्हा म्हणालं, न्हाई. मी पळत येऊन त्याचा हात धरला. तुम्ही चार लोकांदेखत मला म्हणालात, "लेकराला भ्याव शिकवून राहिली तू." आणि धोतर खोचून स्वतः उतरलात, पाणी छातीला लागलं, कोकरू खांद्यावर घालून परत आलात. काहीही झालं नाही. घरी आल्यावर पोरानं विचारलं, "आबा, तुमी वाहून गेले असते तर?" तुम्ही डोकं पुसत म्हणालात, "गेलो न्हाई ना." झालं. विषय संपला. तेव्हा मी पण हसले होते. आता ते तुमचे तीन शब्द मला सोडत नाहीत. त्या कोर्टातल्या सगळ्या शहाण्या, सभ्य माणसांनी दिवसभर बोलून शेवटी तेवढंच सांगितलं. गेले नाहीत ना.

आणि तरी आबा, मला तुम्हाला विचारायचं आहे. तुम्ही त्या टेबलाशी असता, मत देता आलं असतं, तर तुम्ही काय केलं असतं? परभणीच्या त्या पोराच्या वेळी तुम्ही भिंतीकडं पाहिलं. आपलं पोरगं तुमच्याकडं बघत राहिलं असतं तर तुमच्यासाठी कुठं भिंत होती? मला खोटं सांगितलं तरी चालेल. कोपऱ्यावरचे लोक म्हणतात, सुभेदाराच्या नातवानं नाव घालवलं. काही म्हणतात, सिनेमातल्यासारखा वकील लावायचा होता. तुमच्या जावयांनी चावडीकडं जाणं सोडलं, हळद विकायलाही शेजाऱ्याच्या हाती पाठवतात. पोराचा फोन येतो तेव्हा ते घरात असून बाहेर निघून जातात. मागच्या फोनवर पोरगं म्हणालं, "सुटलो की मला न्यायला येऊ नका. मी तिकडं येतो का न्हाई ते बघतो." मी म्हणाले, काहून असं बोलतोस. ते म्हणालं, "घरात आबांचा फोटो हाय." मी तुमचा फोटो काढून ठेवला. मग परत लावला. मग परत काढला. काय करू ते मला कळत नाही, आबा. मला खरंच काही कळत नाही, आणि ह्या घरात फौज कळणारं माणूस तुमच्याशिवाय कुणी नव्हतं.

एक गोष्ट राहिली. तो दुसरा नाईक, जो नाला ओलांडून गेला होता, त्याचीही साक्ष झाली. वाशीमकडचा आहे, काडीसारखा बारीक. त्यानं कोर्टात सांगितलं की बर्फ पोला, आतून पोकळ वाटत होता, त्यालाही भ्याव वाटलं होतं, पण हुकूम होता म्हणून गेला. बाहेर आल्यावर त्यानं मला शोधलं, "मावशी" म्हणाला आणि वाकून माझ्या पाया पडला. मी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, सुखी राहा म्हणाले. त्याला घरी माय आहे, नाला ओलांडला त्या दिवशी तिचा उपास होता असं तो सांगत होता.

आबा, थेटरात तो बर्फ कोसळला आणि त्याखाली ती तुकडी गेली, तेव्हा पुढच्या बाईनं डोळे झाकले होते. मी झाकले नाहीत. मला बरं वाटलं होतं. आणि त्या वाशीमच्या पोराच्या डोक्यावर हात ठेवून उभी असताना माझ्या मनात आलं की हा परत यायला नको होता. सुखी राहा म्हणत होते आणि मनात तेच होतं. हे मी पोराला सांगितलं नाही, तुमच्या जावयांना सांगितलं नाही, देवापुढंही बोलले नाही. तुम्हाला सांगितलं, कारण हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही.